उंचीतला वाटा

आयफेल टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर आई कठड्याला टेकून उभी होती. खाली सीन नदी वळण घेत गेलेली. आमच्या ग्रुपमधली मंडळी फोटो काढण्यात गुंतली होती, टूर मॅनेजरनं पाऊण तासानं खाली जमायला बजावलं होतं. आई मात्र नदीवरून नजर हलवत नव्हती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हिला पूर आला तर पाणी कुठवर चढतं गं?"

हा प्रश्न तिला का पडला हे मला ठाऊक होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुण्याच्या नारायण पेठेतलं घर सोडून, आजोबांचा हात धरून ती पर्वतीच्या टेकडीवर गेली. १०३ पायऱ्या चढून वर पोचल्यावर तिनं आपलं अख्खं गाव पहिल्यांदा एका नजरेत पाहिलं, आणि पाहिलं ते पाण्यात बुडालेलं. नदी कुठून आली, कुठे पसरली, आपली पेठ कुठल्या वळणावर येते, हे तिला त्या दिवशी कळलं. नदीकाठी जन्म काढूनही खालून ते कधी कळलं नव्हतं. आजही ती हवेत बोटानं रेषा काढून मुठेची वळणं दाखवते.

पॅरिसच्या पुराचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. परत आल्यावर वाचलं, की जानेवारी १९१० मध्ये सीन एवढी फुगली होती की ऑस्टरलित्झ पुलाजवळच्या मोजपट्टीवर पाणी ८.६२ मीटरपर्यंत चढलं. रस्त्यांतून होड्या चालल्या, मेट्रोच्या बोगद्यांत पाणी शिरलं. म्हणजे आईनं वरून पाहून विचारलेला प्रश्न अगदी बरोबर जागेवर बसणारा होता. पॅरिसबद्दल तिला काहीही माहीत नव्हतं. तिला फक्त उंची मिळाली होती, आणि तेवढ्यानं तिचं डोकं शहराचा विचार करू लागलं.

मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. शहर वरून पाहणं ही पर्यटकांची हौस आहे, पैसे असतील त्यानं भागवावी, असं आपण धरून चाललो आहोत. मला ते मान्य नाही. आपलं शहर एकसंध पाहायला मिळणं ही तिथं राहणाऱ्या प्रत्येकाची गरज आहे, आणि शहर जेव्हा कुणाला उंच बांधायची परवानगी देतं, तेव्हा त्या उंचीतला थोडा वाटा सगळ्यांसाठी राखून ठेवणं हे शहराचं कर्तव्य आहे.

उंची आजवर बहुतेक वेळा सत्तेकडेच राहिली. किल्ल्यावरचा टेहळणीचा बुरूज किल्लेदाराचा. शनिवारवाड्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून आळंदीचा कळस दिसायचा असं सांगतात, पण तो दिसायचा पेशव्यांना. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई चालली होती तेव्हा दुसऱ्या बाजीरावानं ती पर्वतीवरून पाहिली. त्याच पर्वतीवर पुढे माझी आई आजोबांचा हात धरून चढू शकली, आज कुणीही पहाटे उठून चढू शकतो, तिकीट नाही. एवढा मोठा बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला आहे आणि आपण त्याची कधी दखलही घेतली नाही.

आयफेल टॉवर मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणासाठी. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तो बांधला. काम सुरू झालं जानेवारी १८८७ मध्ये आणि ३१ मार्च १८८९ ला, सव्वादोन वर्षांच्या आत, तीनशे मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभा राहिला. अठरा हजारांवर लोखंडी भाग, पंचवीस लाख रिव्हेट. काम सुरू होताच पॅरिसमधल्या नामवंत लेखक-कलावंतांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र छापून विरोध केला होता. सह्या करणाऱ्यांत गी द मोपासां होता, संगीतकार शार्ल गुनो होता, ऑपेरा हाउसचा वास्तुकार शार्ल गार्निए होता. हा मनोरा शहराचं रूप बिघडवील अशी त्यांची भीती होती. ती खालून पाहणाऱ्याची भीती होती, आणि ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण मनोऱ्यावर जाऊन शहर कसं दिसेल, याचा विचार त्या वादात मागे पडला.

लोकांनी मात्र तो विचार पायांनी केला. मनोरा लोकांना खुला झाला तेव्हा लिफ्ट सुरू व्हायच्या होत्या. तरी त्या सुरू होईपर्यंतच्या थोड्या दिवसांत जवळजवळ तीस हजार माणसं १,७१० पायऱ्या चढून टोकाला गेली. तिकीट होतं पहिल्या मजल्याला दोन फ्रँक, दुसऱ्याला तीन, टोकाला पाच. आणि रविवारी निम्मं. हा रविवारचा निम्मा दर मला त्या सगळ्या लोखंडापेक्षा मोलाचा वाटतो. आठवडाभर राबणाऱ्याला सुट्टी मिळते ती रविवारी, म्हणून त्या दिवशी दर कमी. गुस्ताव्ह आयफेलला मनोऱ्याच्या उत्पन्नावर वीस वर्षांचा हक्क मिळाला होता, तो धंदा करत होता, धर्मादाय नाही. तरीही कामगाराला वर येता यावं एवढी जागा त्या हिशेबात होती. प्रदर्शन संपेपर्यंत जवळजवळ एकोणीस लाख माणसं वर जाऊन आली.

अलीकडचा दर वेगळा आहे. जून २०२४ मध्ये लिफ्टनं टोकापर्यंत जायचं प्रौढांचं तिकीट २९.४० युरोवरून ३५.३० युरो झालं. चार मोठ्या माणसांच्या कुटुंबाला १४१ युरो, म्हणजे आपले तेरा हजार किंवा त्याहून जास्त. आमच्या पॅकेजमध्ये दुसरा मजला होता, टोक 'ऑप्शनल' होतं. आमच्याबरोबर कोल्हापूरकडचे एक निवृत्त शिक्षक होते. आयुष्यभर भूगोल शिकवलेला. ते टोकाला गेले नाहीत. "दुसऱ्या मजल्यावरून जास्त स्पष्ट दिसतं," म्हणाले. ते खरंही आहे, तिथून इमारती ओळखता येतात. पण इतकी वर्षं मुलांना नकाशे काढायला लावलेल्या माणसाला क्षितिजापर्यंतचा नकाशा पाहायचा नव्हता, यावर मी विश्वास ठेवणार नाही.

इथं पॅरिसवर अन्याय करायचा नाही. टॉवर शहराच्या मालकीचा आहे. तो साधारण दर सात वर्षांनी रंगवावा लागतो आणि एका वेळी सुमारे साठ टन रंग लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनी सहा दिवस संप केला, तो देखभालीवर पुरेसा पैसा ठेवला जात नाही म्हणूनच. वर जाणाऱ्यांत बहुसंख्य माणसं परदेशी असतात. हजारो मैलांवरून विमानानं आलेल्या आमच्यासारख्यांकडून त्या शहरानं चार पैसे जास्त घेतले तर मी तक्रार करणार नाही. शिवाय जिना अजून उघडा आहे. ६७४ पायऱ्या चढून दुसऱ्या मजल्यावर जाणाऱ्याला त्याच दरवाढीनंतर १४.२० युरो पडत होते, लिफ्टच्या टोकाच्या तिकिटाच्या निम्म्याहून कमी. ज्याच्या खिशात कमी आहे त्यानं पायांनी भर घालावी, ही सोय जुन्या काळाशी नातं सांगणारी आहे, आणि ती कधी बंद होऊ नये. (गुडघ्यांनी साथ सोडलेल्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. आईला मी जिन्यानं नेऊ शकले नसते.)

माझा आक्षेप पैसे घेण्याला नाही. उंची हा निव्वळ विकायचा माल झाला की काय होतं, याला आहे. दुबईतलं उदाहरण घ्या. बुर्ज खलिफा २०१० मध्ये खुला झाला, उंची ८२८ मीटर. १२४ व्या मजल्याचं तिकीट एक, १४८ व्या मजल्याचं त्याहून बरंच महाग, आणि संध्याकाळच्या तासांचा दर दिवसाच्या दराहून वरचढ. सूर्यास्ताला जास्त पैसे. ती इमारत बांधायला हजारो भारतीय, पाकिस्तानी, नेपाळी, बांगलादेशी मजूर राबले. ते मजूर त्या उंचीवर काम करत असताना त्यांनी ते सूर्यास्त रोज पाहिले असणार. इमारत पुरी झाल्यावर त्याच जागी पुन्हा उभं राहायचं, तर ते त्यांच्या पगारात बसणारं नव्हतं. दुबईत मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, पाहुणे आले की त्यांना तिथं नेतात. नेऊ नये असं मी म्हणत नाही. पण तिथून उतरताना हा मजूर एकदा आठवावा.

या सगळ्याच्या उलट टोकाला तोक्यो आहे. माझा भाऊ नोकरीनिमित्त तिथं असतो, म्हणून आई आणि मी दोन आठवडे राहून आलो. तोक्योत ६३४ मीटरचा स्कायट्री आहे, त्याच्या दोन गॅलऱ्यांना तिकीट आहे. भावानं आम्हाला आधी तिथं नेलंच नाही. शिंजुकूमधल्या तोक्यो महानगर सरकारच्या इमारतीत नेलं. केन्झो तांगेंनी आखलेली, १९९१ मध्ये खुली झालेली, २४३ मीटर उंचीची दोन मनोऱ्यांची इमारत. पंचेचाळिसाव्या मजल्यावर, २०२ मीटरवर, निरीक्षण कक्ष. प्रवेश फुकट. खाली पिशव्या तपासतात, लिफ्टनं वर सोडतात, बस्स.

हे महापालिकेचंच कार्यालय समजा. खालच्या मजल्यांवर शहराचा कारभार चालतो, बजेटं ठरतात, आणि त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर ज्यांच्यासाठी कारभार चालतो ती माणसं खिडकीशी उभी असतात. आम्ही गेलो तेव्हा एका शाळेची मुलं होती, डब्याची पिशवी घेतलेल्या दोन आजीबाई होत्या, ऑफिसातून आलेला एक तरुण होता. कक्षात एक पियानो ठेवला आहे, कुणीही बसून वाजवावा. एक मुलगी वाजवत होती. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला फुजी दिसतो. आम्हाला तो दिसला, संध्याकाळी, काळ्या आकृतीसारखा. आई दीड तास तिथं होती. कुणी घड्याळ दाखवलं नाही. ती एका खिडकीपासून दुसरीकडे जात राहिली आणि भावाला विचारत राहिली, तुझं घर कुठल्या बाजूला, भूकंप झाला तर माणसं कुठं जमतात, ते हिरवं काय दिसतं. भावाला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. तो तिथं सहा वर्षं राहतो आहे.

हे फुकट कसं परवडतं, असं कुणी विचारलं तर उत्तर साधं आहे. इमारत लोकांच्या पैशानं उभी राहिली, लिफ्ट तशाही आहेत, खिडक्या तशाही आहेत. वरचा एक मजला साहेबांच्या बैठकीला द्यायचा की लोकांना, एवढाच निर्णय घ्यायचा होता.

खासगी इमारतीचं काय, तर त्याला लंडनचं उदाहरण आहे. फेनचर्च स्ट्रीटवरची १६० मीटरची इमारत उंच इमारतींच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर होती, त्यामुळे तिला परवानगी द्यायची की नाही यावर बराच वाद झाला. परवानगी मिळाली त्यामागचं एक कारण असं, की वरच्या मजल्यांवर लोकांसाठी फुकट बाग असेल. जानेवारी २०१५ मध्ये ती उघडली. आता तिच्यावर टीकाही खूप होते, आणि ती रास्त आहे. आधी वेळ आरक्षित करावी लागते, तपासणी होते, बरीच जागा उपाहारगृहांनी व्यापली आहे, बाग म्हणावी तेवढी झाडं नाहीत. पण टीका करता येते ती कबूल केलेलं असल्यामुळेच. कबुलीच नसेल तर जाब कुणाला विचारणार?

आता आपल्याकडे. आपल्याकडे असं काही काढलं की पहिला शब्द येतो, सुरक्षा. आणि तो हलका शब्द नाही. ४ डिसेंबर १९८१ ला कुतुबमिनाराच्या जिन्यात दिवे गेले, अंधारात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण गेले, त्यांत बहुतेक शाळेच्या सहलीला आलेली मुलं. तेव्हापासून मिनाराचा जिना लोकांना बंद आहे. मुंबईत राजाबाई टॉवर, १८७८ चा, ८५ मीटरचा, प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावानं दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला. तिथून उडी घेऊन जीव देण्याचे प्रकार झाले आणि वरची वाट बंद झाली. या दुःखांना कमी लेखून मला माझा मुद्दा पुढं रेटायचा नाही. आठशे वर्षांचा अरुंद दगडी जिना पुन्हा गर्दीसाठी उघडा, असंही मी म्हणणार नाही. पण जुन्या वास्तूला कुलूप लागलं ते समजण्यासारखं असलं, तरी नव्यानं काही न उघडणं समजण्यासारखं नाही. बंदिस्त काच, दोन जिने, दोन लिफ्ट, स्वतंत्र वीज, एका वेळी किती माणसं याची मोजदाद, हे सगळं आज मॉलमध्येही असतं. कुतुबमिनारात मुलं गेली ती दिवे नसल्यानं आणि गर्दी आवरली नसल्यानं. त्यातून आपण दिवे आणि शिस्त शिकायला हवी होती. आपण कुलूप शिकलो.

मुंबईच्या आकाशाकडे पाहिलं की मला हे अधिक खुपतं. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर २८० मीटरचा वर्ल्ड वन उभा आहे. त्याच्या आसपास आणखी किती तरी. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओस पडलं. १९९१ च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग व्हायचे होते, एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि बांधकामाखालची बहुतेक जमीन त्यातून सुटली. जमिनीतला वाटा असा गेला. मग त्या जमिनीवर उंची उगवली, आणि त्या उंचीत तर वाटा मागायचा असतो हे कुणाला सुचलंही नाही. ज्या चाळीतल्या माणसाच्या बापानं त्या गिरणीत आयुष्य घातलं, त्याला आज तो मनोरा खिडकीतून दिवसभर दिसतो. मनोऱ्यावरून त्याची चाळ कशी दिसते, हे त्याला कधीच कळणार नाही.

आणि आपल्याकडे देवाणघेवाणीचे नियम नाहीत असं नाही. सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेच्या ताब्यात दिला तर बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, असा नियम याच मुंबईत होता आणि त्यावर मोठमोठे टॉवर उठले. गाड्या उभ्या राहाव्यात म्हणून शहर आकाशातली जागा देऊ शकतं, तर माणसं उभी राहावीत म्हणून का नाही? त्या योजनेत गोंधळही पुष्कळ झाले, म्हणून यावेळी अटी आधी पक्क्या हव्यात. मजला महापालिकेच्या मालकीचा. लिफ्ट थेट रस्त्यावरून, सोसायटीच्या लॉबीतून आणि वॉचमनच्या नजरेखालून नाही. बसायला बाकडी. रविवारी दर कमी, आणि पालिकेच्या शाळांना कधीच तिकीट नाही. तिथल्या रहिवाशांना आपल्या शांततेची काळजी वाटेल, आणि ती रास्त आहे. म्हणूनच वेगळी लिफ्ट हवी.

पालिकेला हे जमतं, याचा पुरावा मलबार हिलवर आहे. मार्च २०२५ मध्ये तिथं झाडांमधून जाणारा ४८५ मीटरचा उंचावरचा लाकडी मार्ग खुला झाला. भारतीयांना तिकीट २५ रुपये. शेजारीच कमला नेहरू पार्क आहे, जिथून मरीन ड्राइव्हची कमान मुंबईत आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं गेली सत्तर वर्षं फुकट पाहिली. माझ्या आईनंही पाहिली आहे, लग्नानंतर पहिल्या वर्षी. पण ही टेकडी शहराच्या दक्षिण भागात, समुद्राकडे तोंड करून आहे. तिथून मुंबईचा देखणा भाग दिसतो. कुर्ला दिसत नाही, धारावी दिसत नाही, मिठी नदी दिसत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसानंतर कित्येक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं, की ज्या मिठीला आपण नाला म्हणत होतो ती नदी आहे. खालून, पुलावरून, लोकलच्या दारातून ती नालाच वाटते. तिला कुठे कुठे दाबलं, तिच्या काठावर काय काय उभं केलं, ते सलग पाहायची जागा शहरानं आपल्या माणसांना दिलेलीच नाही. परळच्या एखाद्या मनोऱ्याचा वरचा मजला उघडला, तर उत्तरेच्या खिडकीतून माहीमची खाडी दिसेल. मिठी समुद्राला तिथं मिळते. पालिकेच्या शाळेतली एखादी मुलगी काचेला नाक लावून आपल्या बाईंना विचारील, पाणी कुठवर चढतं हो, बाई?